देवगावचं लाल वर्तुळ

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मी काय माती खाल्ली ते सांगताना मला मधे थांबायला आवडत नाही.

मी एका दूध डेअरीच्या ऑफिसात आकडे सांभाळतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून रोज दुधाचे आकडे येतात. एक दिवस आमचे देशपांडे साहेब म्हणाले, "वाघमारे, दोन सॉफ्टवेअर ट्रायलवर आलीत. एक आकड्यांची चित्रं काढतं. दुसरं आकडे खोदून कारणंही शोधतं. कोणतं घ्यायचं, तुम्ही ठरवा."

आता कारणं कुणाला हवीत हो? दुसरं उघडलं तर नुसते रकाने, प्रश्न, परत रकाने. पहिलं उघडलं अन् अहाहा! नकाशा, रंग, गोल गोल वर्तुळं! मी ठरवून टाकलं, जिथं दूध जास्त, तिथं वर्तुळ मोठं अन् लालभडक. लालच का? मला आवडतो! पुंडलिकनगरात आमच्या घराचं गेटसुद्धा लाल आहे.

मीटिंगमधे भिंतीवर नकाशा लावला. देवगाव रंगारी या गावावर टपोरं लाल वर्तुळ. मी तोंड उघडणार, तोच साहेब ताडकन उठले.

"देवगाव एवढं बिघडलंय? चला, गाडी काढा!"

"साहेब, ते लाल म्हणजे..."

"लाल म्हणजे काय ते कळतं मला! बघा रे सगळे, एका नजरेत कळलं. शाब्बास वाघमारे!"

तिथंच सांगायला हवं होतं ना? पण दहा वर्षांत पहिली शाब्बासकी. ती मोडवेना हो! मान डोलावली. अन् गाडीत साहेब केंद्र बंद करायचं बोलायला लागले, तेव्हा तर मी खिडकीबाहेरचे विजेचे खांब मोजायला लागलो.

देवगावचं केंद्र सुमनताई चालवतात. त्यांना "साहेब येतायत" एवढाच फोन गेलेला. आपलं केंद्र दुधात पहिलं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांना वाटलं, सत्कारच! दारात रांगोळी, हातात नारळ, मागं टाळ्या वाजवायला चार बायका.

साहेब कडाडले, "केंद्र बुडवून वर रांगोळ्या काढता?"

"बुडवून?" ताईंचा चेहरा उतरला. "साहेब, आमचं दूध समद्यात लई हाय. इचारा की यांना!"

बोट माझ्याकडं.

"हो साहेब," मी घाम पुसला. "लाल म्हणजे... जास्त. चांगलं."

"मग लाल का केलं?"

"मला... आवडतो."

शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून माझ्याकडं बघायला लागली.

साहेबांनी ताईंची हात जोडून माफी मागितली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फळ्यावर गेली. तारीख, लिटर, अन् तिसरा रकाना, 'कारण'. 'कमी, गावात जत्रा.' 'जास्त, हिरवा चारा आला.'

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? दूध घटलं तर का घटलं, ते नगं का कळाया?"

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी नारळाकडं.

बाहेर मात्र वेगळंच झालेलं. ऑफिसची गाडी बघून दुधातलं पाणी तपासायला आले समजून निम्मे लोक संध्याकाळच्या दुधाच्या कॅन घेऊन तसेच घरी वळले होते. ताईंनी खडू घेतला. संध्याकाळचे लिटर लिहिले, रोजच्या निम्मे. अन् पुढं 'कारण' खाली, ठळक अक्षरात:

'वाघमारे साहेब आले.'