कोपऱ्यातल्या गाळ्याची नोटीस

माझ्या मुलीनं मला चारचौघांत 'आई' म्हणणं सोडलं, त्याला कारण तमिळ भाषा. तमिळ मुलांना शी लागली की ती 'आय, आय' म्हणतात, हे मला चेन्नईला येण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही साताऱ्याकडचे. नवऱ्याची बदली चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात झाली, म्हणून मीही माझ्या सरकारी कंपनीच्या गिंडीतल्या ऑफिसात बदली मागून घेतली, वेलचेरीत भाड्यानं फ्लॅट घेतला आणि पोरीला बालवाडीत घातलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला फाटकाशी सोडून वळले आणि ती मागून "आई! आई!" करून रडायला लागली. शाळेतली आया धावत आली, तिला उचलून थेट संडासात नेऊन बसवलं. वर्गातली पोरं खिदळली. त्या दिवसापासून ती रस्त्यात, बसमध्ये, कुठंही मला हाक मारेनाशी झाली. काही हवं असलं की नुसती ओढणी ओढायची.

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क तंजावरकडचे मराठी होते. त्यांचं मराठी जुन्या बखरीतलं असावं तसं होतं आणि वर त्याला तमिळ हेल. त्यांना मी हे गाऱ्हाणं सांगितलं तर ते अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "बाई, येथें तो शब्द मोठ्यानें बोलूं नये. आमच्या घरींही मुलें अम्माच म्हणतात. कित्येक पिढ्या झाल्या." म्हणजे तुम्ही हरलात, असं मी मनात म्हटलं. मी हरणार नव्हते.

आमचं ऑफिस वरच्या मजल्यांवर होतं आणि तळमजल्यावर कंपनीनं फार पूर्वी भाड्यानं दिलेले गाळे होते. एक झेरॉक्सवाला, एक नटबोल्टचं दुकान, एक मेस आणि कोपऱ्यात एक शिलाईचं दुकान. ते एक विधवा बाई चालवायची. ब्लाउज, परकर, साडीला फॉल, असलं काम. शाळेची व्हॅन दुपारी पोरीला ऑफिसच्या दारात सोडायची आणि साहेबांना टेबलाखाली खेळणारं पोर चालत नसे. एक दिवस पाऊस पडत होता, मी मीटिंगमध्ये अडकले होते, आणि खाली आले तर पोर त्या शिलाईवालीच्या दुकानात स्टुलावर बसून चिंध्यांचे ढीग लावत होती. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच गेली. मग तेच ठरून गेलं. माझी सोय झाली हे खरंच, आणि सोय झाल्याचा मला जो राग आला तोही खराच.

त्या बाईला सगळं गिंडी 'अम्मा' म्हणत होतं. गिऱ्हाइकं म्हणत, काजं-बटणं करणाऱ्या बायका म्हणत, मेसवालाही म्हणे. तिथं बाईमाणसाला अम्मा म्हणायची पद्धतच आहे. भाजीवाला मलाही अम्मा म्हणायचा, रिक्षावाला भाड्यावरून भांडताना तर दर वाक्यात म्हणायचा. हे सगळं मला कळत होतं. पण व्हॅनमधून उडी मारून माझी पोर "अम्मा!" असं खणखणीत ओरडत त्या दुकानाकडे पळायची आणि मी जिन्यात उभी असायचे, तेव्हा कळून काय उपयोग? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खरी खुपायची ती डब्याची गोष्ट. मी पहाटे उठून पोळ्या लाटायची. तूप-गुळाची पोळी, बटाट्याची भाजी, कधी थालीपीठ. शाळेतून डबा भरलेलाच परत यायचा. तोच डबा, तीच सकाळची गार पोळी, ती बाई मशीनचं पायडल थांबवून बारीक बारीक तुकडे करून पोरीला भरवायची आणि पोर मुकाट खायची. डबा संपला की तो उलटा करून दाखवायचा आणि ओरडायचं, "डब्बा काली!" काली म्हणजे रिकामा. मग ती बाई तिच्या गालाला हात लावून आपल्या ओठांकडे नेत म्हणायची, "समत्तु." म्हणजे शहाणं बाळ. पोरीचा चेहरा असा फुलायचा की मला तो बघवत नसे. पोळी माझी, तूप माझं, आणि शहाणपणाचं सर्टिफिकेट देणार ही! संध्याकाळी ती पोर माझ्या हाती यायची तर केसांना तेल, घट्ट वेणी, वेणीत अबोली. मी घरी गेल्या गेल्या ती वेणी सोडायची. केस ओढले गेले की पोर रडायची, आणि मला त्यातही बरं वाटायचं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, फुकट सांभाळतेय बिचारी. तुझ्या पोटात का दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हटलं. "तुला तरी ती बाबा म्हणते."

त्या सुमारास कंपनीनं ठरवलं की तळमजला मोकळा करून तिथं काचांचं, वातानुकूलित ग्राहक केंद्र करायचं. आजूबाजूला सगळीकडे तसल्या काचा येतच होत्या. मालमत्ता विभागात मीच होते, तेव्हा गाळेधारकांवर नोटिसा बजावायचं काम माझ्याकडे आलं. नोटीस इंग्रजीत असायची. मुदतीत गाळा रिकामा करून ताबा द्यावा, अन्यथा कायदेशीर कारवाई होईल. कामाची रीत ठरलेली. कागद गाळेधारकाच्या हातात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही घ्यायची. घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष शटरवर चिकटवायचा. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, म्हणून हेडक्लार्क बरोबर यायचे आणि लोकांना समजावून सांगायचे. ते बोलायचे आणि मी खळ घेऊन उभी.

निघताना ते चष्मा पुसत म्हणाले, "कोपऱ्यांतली नोटीस मी एकटाच करतों, बाई. तुमची मुलगी तेथें बसते. तुम्हांस बरें दिसणार नाहीं."

"नको," मी म्हटलं. "ती मी करते. तुम्ही बाकीच्यांकडे जा."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि नटबोल्टवाल्याकडे वळले. तो आधीच वकिलाचं नाव घेऊन ओरडत होता.

मला ती नोटीस माझ्या हातानं द्यायची होती. का, ते मी स्वतःलाही लपवलं नव्हतं. ह्या कागदावर माझी सही होती, आणि निदान ह्या एका जागी मी कोण आहे हे तिला कळावं असं मला वाटत होतं. दुकान गेलं की दुपारी पोर माझ्याकडे येईल. कशी येईल, साहेब काय म्हणतील, याचा विचार मी केलाच नव्हता. ठसठशीत कडक इस्त्रीचा कुर्ता घालून मी त्या दुकानात शिरले. आठवड्याच्या मधल्याच दिवशी मी इतकी नटले होते हे आता आठवलं की हसू येतं.

बाई मशीनवर होती. पोर शेजारी स्टुलावर, पुढ्यात डबा, तोंडात शेवटचा घास. मला पाहून ती बाई उठली, फळीवरचे कापडाचे तागे बाजूला केले आणि बसायला जागा करून दिली. मी बसले नाही. कागद पुढे केला. तिनं हात पदराला पुसून तो घेतला, उलटा-सुलटा केला, वरचा शिक्का पाहिला. मग मला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये 'कंपनी', 'कागद', 'सही' असे शब्द जोडायला गेले, ते तिला कळले नाहीत. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हेडक्लार्क तिकडे भांडणात अडकलेले.

मग तिनं अगदी सहज, रोज विचारत असावी तशी, माझ्या मुलीला विचारलं, "उंगम्मा एन्न सोल्राङ्ग?"

एवढं मला समजलं. तुझी अम्मा काय म्हणतेय? तुझी अम्मा. म्हणजे मी.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. घास गिळून वाट पाहायला लागली. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं, किंवा हेडक्लार्कना हाक मारायला हवी होती. पण त्या एका शब्दानं मी अशी सुखावले होते की मला थांबवेना. मी मराठीत म्हटलं, "त्यांना सांग, हे दुकान रिकामं करायला लागेल."

'रिकामं' हा शब्द तिला पक्का येत होता. रोज सकाळी डबा देताना मी तोच बजावायची, रिकामा करून आण हं. तिचा चेहरा उजळला. ती स्टुलावरून उतरली, बाईसमोर उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तशा ठसक्यात म्हणाली, "एंगम्मा सोल्राङ्ग, कडै काली पण्णणुमाम!"

माझी अम्मा म्हणतेय, दुकान रिकामं करायचंय.

एवढं सांगून ती तिथंच उभी राहिली. मान वर करून, गाल पुढे करून. काही रिकामं केलं की शाबासकी मिळते एवढंच तिला ठाऊक होतं, आणि ह्या खेपेला तर डब्यापेक्षा कितीतरी मोठी वस्तू होती.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला चाललं असतं, मी त्याच्याच तयारीनं गेले होते. राग नव्हता. ती नुसती मशीनकडे, दोऱ्याच्या रिळांकडे, खुंट्यांवर टांगलेल्या अर्धवट ब्लाउजांकडे बघत राहिली, जणू कुठून आवरायला घ्यावं ते ठरवत होती. पोर अजून गाल पुढे करून उभीच. मग त्या बाईनं खाली वाकून तिच्या गालाला हात लावला, बोटं ओठांकडे नेली आणि म्हणाली, "समत्तु."

पोचीवर तिनं तमिळमध्ये सही केली. अक्षर वळणदार होतं. मी कागद घेऊन वर गेले. पंखा पूर्ण वेगात लावून खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. मला हवा होता तो शब्द मला मिळाला होता, आणि तो मिळवून देणारी बाईही तीच होती. हेही मला तिच्याच हातून घ्यावं लागलं, म्हणून मी तिच्यावर आणखी जळत होते.

बाकीच्यांनी वकील केले, स्थगिती आणली. नटबोल्टवाला तर पुढे बराच काळ तिथंच होता. तिच्याकडे वकील नव्हता. मुदत संपायच्या आधीच तिनं गाळा मोकळा केला. हेडक्लार्क म्हणाले, बहिणीकडे गेली, गांवाकडे. तेथें मशीन चालेल कीं नाहीं देव जाणे. जाताना तिनं पोरीसाठी शिवलेला एक परकर-पोलका त्यांच्याकडे देऊन ठेवला होता. तो मी कपाटात अगदी तळाशी ठेवला. पोरीला तो घालायला दिला नाही.

ती गेल्यानंतर पहिल्यांदा व्हॅन आली तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन उभी होते. पोर उडी मारून उतरली, मला पाहिलंही नाही, तशीच कोपऱ्याकडे पळाली. शटर खाली होतं, त्याला आमच्या ऑफिसचं कुलूप, लाखेचं सील. तिनं दोन्ही हातांनी शटर बडवलं. मग वळली. आता ओढणी ओढायला ती माझ्याजवळ नव्हती, मधे सगळा फुटपाथ होता. शाळेतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा, भर रस्त्यात, सगळ्या गिंडीला ऐकू जाईल अशी ती ओरडली.

"आई! आई! अम्मा कुठंय?"

मी पळत जाऊन तिला उचललं. तिनं माझ्या मानेला मिठी मारली आणि हुंदके देत तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आई, आई. बसथांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. आमचा वॉचमन लगबगीनं पुढे आला, पोरीकडे कळवळून पाहिलं, खिशातली किल्ली काढली आणि आम्हाला मागच्या संडासाची वाट दाखवली.