कपातीच्या आधीचा आठवडा

आमच्या सूतगिरणीत कापूस हवेत तरंगायचा. अकोल्याच्या एमआयडीसीतली दुपार. शेडमध्ये उन्हाचे तिरपे पट्टे उतरायचे आणि त्यात ते पांढरे तंतू इतके हळू फिरायचे, की आपण काम करतोय की पेंगतोय हेच कळेना. बायांच्या केसांवर, भुवयांवर ते अलगद बसायचे. मी तिथं कामगारांचं बघणारा ऑफिसर. तो आठवडा मला तसाच आठवतो, मऊ, धूसर. आणि आठवला की स्वतःचाच संताप येतो.

सोमवारी पुण्याच्या हेड ऑफिसचा मेल आला. अर्धी शेड बंद होणार, शनिवारी सांगायचं, तोवर कुणी विचारलं तर 'सगळं सुरळीत आहे' म्हणायचं. सोबत यादी. तिसरं नाव सुताच्या लड्या बांधणाऱ्या एका बाईचं.

ती बार्शीटाकळीहून एसटीनं यायची. नवरा वारलेला, मुलगी बारावीत. बुधवारी चहाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली.

"जय भीम, साहेब. मुलींच्या होस्टेलात सैपाकाचं काम भेटून राहिलं. पगार कमी हाय, पन पक्कं हाय. उद्यापर्यंत सांगा म्हन्ते. इथं काई होऊन राहिलं काय? त्यायले हो म्हनू का नाई म्हनू?"

तिच्या पापणीवर कापसाचा एक तंतू हलत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

"सगळं सुरळीत आहे," मी म्हणालो.

"मंग बरं!" ती हसली. "तुमी सांगतलं म्हनजे झालं."

अरे, 'हो म्हणून टाका बाई' एवढं बोललो असतो तर आभाळ कोसळलं असतं का? पण नाही, मेलमधलं वाक्य पोपटासारखं बोलून मोकळा झालो.

शनिवारी हुकूम असा, की आधी पेढे वाटा, मग पत्र वाचा. पत्र कसलं गुळगुळीत! पुनर्रचना, नवं क्षितिज, काही सहकारी नव्या संधींसाठी मोकळे होत आहेत. आमच्याकडे पेढे म्हणजे पोरगं पास झालं, नाहीतर लग्न जमलं. माझं वाचून संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागून एक जण ओरडला, "बोनस केवढा हाय थे सांगा ना बावा!" मशिनी बंद होत्या, कापूस सावकाश खाली बसत होता, आणि त्या टाळ्या मला विहिरीच्या तळातून आल्यासारख्या ऐकू येत होत्या.

मग मी ते पत्र खिशात कोंबलं आणि यादी काढली. "बोनस नाई," मी म्हणालो. "अर्धी शेड बंद होऊन राहिली. ज्यायचे नावं वाचतो त्यायचं काम या महिन्यात संपते." कामावर घरची बोली मी पहिल्यांदाच बोललो. तिसऱ्या नावाला आवाज फाटला. पेढा गिळावा की थुंकावा, लोकांना समजेना. नंतर शिव्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या.

दुपारी मी स्वतः होस्टेलवर गेलो. तिथं शुक्रवारीच दुसरी बाई लागली होती. गिरणीत परत आलो तेव्हा आमची लड्या बांधणारी बाई नळावर डबा धूत होती. होस्टेलचं कामही गेल्याचं मी सांगितलं. माफी मागितली. वरून हुकूम होता म्हणालो, बातमी फुटली असती म्हणालो.

तिनं डबा पालथा ठेवला, हात पदराला पुसले.

"मले एकटीले सांगतलं असतं ना साहेब," ती म्हणाली, "तर मी कोनाले सांगतलं नसतं."