आम्हाला मिळालेला सुपरवायझर

धुळ्यातल्या आमच्या महिला सल्ला केंद्रात आम्ही दोघीच होतो, अक्का आणि मी. मारहाण झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायका यायच्या आणि अक्का त्यांचं ऐकायची. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली, त्यामुळे ऐकण्याआधीच बोलायची. अक्का मात्र वर्षानुवर्षं ऐकत आली होती आणि एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तिची झोप उडाली. भाजी निवडतानाही त्या बायकांचे आवाज येतात, म्हणायची.

पुण्याच्या एका शिबिरात कळलं होतं, की ऐकणाऱ्याचंही कुणा जाणत्याने ऐकावं लागतं. त्याला तिथे सुपरवायझर म्हणत. केंद्राच्या जळगावच्या विश्वस्तांकडे मी तोच शब्द घालून मागणी केली. ती लगेच मंजूर झाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आले ते पाइपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले भाऊ. जळगावात सुपरवायझर म्हणजे मजुरांवर लक्ष ठेवणारा, दुसरं काय? माणूस भला होता. त्यांनी हजेरी पाहिली, पंख्याला तेल घातलं, बाहेर थांबलेल्या बायकांना रांगेत बसवलं. मग विचारलं, काही अडचण?

अक्का या दिवसाची वाट पाहत होती. ती म्हणाली, "मन्हं डोकं बठ्ठं भरी गयं शे, भाऊ."

डोकं सगळं भरून गेलंय, हे ऐकून भाऊ विचारात पडले. "मशीन तापलं की आम्ही बंद ठेवायचो, अक्का. तुम्ही शनिवारी बंद ठेवत जा."

ती हसली आणि चहा ठेवायला उठली. त्यांच्यासमोर पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

मी जळगावला जाऊन भांडले. मनाचे आजार जाणणारं कुणी द्या, म्हटलं. विश्वस्त म्हणाले, गाऱ्हाणी ऐकायला शिक्षण कशाला लागतं? अक्कांना झेपत नसेल तर दुसरी बाई बघू. परतताना एसटीत मी मनातल्या मनात पत्रक जुळवत होते. पहिल्या ओळीतच अडले. कुणाचा निषेध करायचा? भाऊंचा?

दिवाळीनंतर अक्काने बालवाडीत नोकरी धरली. मी खूप विनवलं. ती म्हणाली, तिथली पोरं रडतात आणि मग गप्प होतात.

तिच्या खुर्चीवर मी बसू लागले. हळूहळू ऐकायला शिकले आणि माझीही झोप गेली. भाऊ दर महिन्याला नेमाने यायचे, काम सुरळीत चाललंय ना, विचारायचे. मी हो म्हणायचे.