दाजींच्या बोटाची रजा

स्वतःच्याच बोटाला कायमची रजा द्यायची म्हणून कुणी वायरमनला बोलावतं का? आमच्या दाजींनी बोलावलं. वायरमन मी, आणि दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. फाटकं, कठडे, यंत्रांचे पाये बनवणाऱ्या एका शेडमध्ये लोखंड कापण्यात त्यांनी एकतीस वर्षं घातली. हत्यार प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेच्या ज्योतीनं लोखंड कापणारं यंत्र. टॉर्चचा घोडा बोटानं दाबायचा, टोकाशी निळी ज्योत पेटली की हात रेघेवरून चालवायचा. दाजी पट्टी न लावता सरळ कापायचे, म्हणून शेडमध्ये त्यांचं नाव पडलं फूटपट्टी.

ताईला या नावाचं काडीचं कौतुक नव्हतं. शेडच्या मागच्याच दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड, आणि स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडणारी. एक वाजला की ती खिडकीतून हाक मारायची, "अहो, जेवायला चला!" इकडून उत्तर यायचं, "आलोच!" आणि माणूस यायचा अर्ध्या तासानं. "यांचं आलोच ऐकलं की मी निवांत धुणं वाळत घालून येते," असं ती पाहुण्यांनाही सांगायची.

गेल्या वर्षी दाजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग पत्र्यावरच्या रेघेत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थोडं कमी झालं, पण गेलं नाही. चार महिने त्यांनी टॉर्च हातात घेतली नव्हती. खडूनं खुणा कर, कडा घास, असली कामं करत होते, आणि कुणी विचारलं की "डोळ्यांना जरा आराम देतोय" म्हणायचे. डोळे ठणठणीत होते.

मालकांनी कुठून तरी एक वापरलेलं सीएनसी टेबल आणलं. त्यात टॉर्च एका सरकत्या दांड्याला बांधायची आणि कंट्रोलरला, म्हणजे टेबलाच्या संगणकाला, नकाशा दिला की तो तिला रेघेवरून फिरवतो. मालक स्पष्टच बोलले होते. शनिवारपर्यंत टेबल चालू झालं तर फूटपट्टी त्याच्यावर बसेल. नाही झालं तर टेबल परत, आणि कापायचं सगळं काम बाहेर. मग फूटपट्टीचं काय, हे ते बोलले नाहीत. दाजींनी मला हे फोनवर असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे. मला दाजींचाच असा राग आला की मी बुधवारचं हातातलं काम टाकून निघालो.

गुरुवारी वायरिंगला बसलो. कंट्रोलरकडून येणारा इशारा नाजूक असतो, तो थेट कटरला जोडला तर जळून जाईल. म्हणून मध्ये रिले बसवायचा. काडेपेटीएवढी वस्तू. कंट्रोलरनं इशारा केला की आत टक् होऊन दोन पत्त्या जुळतात, आणि कटरला वाटतं कुणीतरी घोडा दाबला.

"म्हणजे हे माझं बोट," दाजी म्हणाले.

 मी त्यांनाच झापलं, "उजेडातून बाजूला व्हा."

जोडून झाल्यावर दाजी म्हणाले, "मीटर लाव आधी."

"दाजी, पंचवीस वर्षं हेच करतोय मी!"

"मग आणखी एकदा कर."

तणतणत मीटर लावला. कंट्रोलर बंद, तरी मीटर पीं करून बोंबलला. घाईत वायर रिलेच्या उलट्या टोकाला गेली होती, म्हणजे इशाऱ्याआधीच जोड जुळलेला. कटरचा खटका टाकला असता तर कुणी न दाबताच टॉर्च पेटली असती, आणि टॉर्चखाली माझाच हात होता. मी खाली मान घालून वायर बदलली.

"वायरमनसाहेब," दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हे बोट घोडा दाबूनच जन्माला आलं होतं वाटतं."

शुक्रवारी पहिला तुकडा लावला. टक्, ज्योत, आणि टॉर्च लगेच पळत सुटली. पत्र्याला भोक पडायच्या आतच निघाली, सगळ्या ठिणग्या वर उडाल्या आणि पत्र्यावर नुसता ओरखडा. मी कंट्रोलरला सांगितलं, पेटल्यावर एक सेकंद थांब. जाड पत्र्याला ते पुरेना आणि पातळ पत्र्याला अंगठा जाईल एवढं भगदाड पडलं. कटरबरोबरचं माहितीचं पुस्तक कधीच हरवलेलं. दुपारपर्यंत टॉर्चची दोन टोकं जळाली. मालक आले, बघितलं आणि गेले. दाजी स्टुलावर बसले होते, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. 

"दाजी, दाबल्यावर तुम्ही किती थांबायचात?"

"थांबतोय कुठला? दाबायचं नि निघायचं."

"करून दाखवा."

"नको रे. मालक बघतील."

"बघू देत! कापायला कोण सांगतंय? दाबा, आणि वाटेल तेव्हा निघा. वाकडं जाईना का!"

माझा आवाज चढला होता. त्यांनी मुकाट्यानं गॉगल लावला, टॉर्च सोडवून घेतली आणि सहा मिलीमीटर जाडीच्या तुकड्यावर घोडा दाबला. हात पुढे गेला तो नागमोडी. पण मी हाताकडे बघतच नव्हतो. निघायच्या आधी त्यांचे ओठ हलले होते. बारा मिलीवर तर आणखी जास्त हलले.

"काय पुटपुटताय?"

"कुठं काय."

"दाजी, शनिवार उद्यावर आलाय."

ते जमिनीकडे बघत हसले. कान लाल झाले होते. "तुझ्या ताईला उत्तर देतो."

"कसलं उत्तर?"

"नवीन होतो तेव्हा ती खिडकीतून हाक मारायची आणि मी नेमका घोडा दाबलेला असायचा. उत्तर देऊन होईपर्यंत भोक आरपार. मग तीच सवय लागली. तीन मिली असला की 'आलो'. सहाला 'आलो, आलो'. बाराला 'आलो गं, आलोच, वाढ तू'. तिनं हाक मारो न मारो. निम्म्या वेळी तर आवाज तोंडाबाहेरही पडत नाही."

मी मोबाइल काढला आणि प्रत्येक जाडीला तीन तीन वेळा वेळ मोजली. दर वेळी तीच. सेकंदाचा दहावा भागसुद्धा इकडचा तिकडे नाही. हात थरथरत होता, पण ते थांबणं थरथरत नव्हतं. एकतीस वर्षं ताई आणि मी ज्याला थाप समजून हसत आलो, त्याच्यावर हा माणूस लोखंड कापत होता. माझे डोळे भरून आले. धूर गेला म्हणालो.

ते तीन आकडे कंट्रोलरमध्ये भरले. शनिवारी सकाळी मालकांसमोर तिन्ही जाडीचे तुकडे कापले, सुरुवात स्वच्छ, कड सरळ. मालकांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फूटपट्टी, टेबल तुमचं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." माझा जीव भांड्यात पडला.  दाजींनी खडू घेऊन कंट्रोलरच्या डब्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, तीन: आलो. सहा: आलो, आलो. बारा: आलो गं, आलोच, वाढ तू.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"तांत्रिक आहे," मी म्हणालो.

एक वाजता टेबलावर बारा मिलीचा मोठा पत्रा होता. खिडकीतून हाक आली, "अहो, जेवायला चला!" त्याच वेळी रिले टक् झाला. ज्योत पेटून जागच्या जागी थांबली. दाजी स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर, ओठ हलताहेत. शेवटचा शब्द संपला आणि टॉर्च आपली आपण निघाली.

"आलोच!" ते ओरडले, आणि सवयीनं बसूनच राहिले.

"जा ना, मी बघतो इथं," मी म्हणालो.

त्यांनी टॉर्चकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे. पँटला हात पुसले आणि उठून गेले. मिनिटभरात खिडकीतून ताईचा आवाज आला.

"अगं बाई, आलात? थांबा हं जरा, मी अजून काहीच वाढलं नाहीये."