चर्चा पुरे, मतदान घ्या

सरकार नावाच्या प्राण्यावर ऑरिन पीझलीचा काडीचाही विश्वास नव्हता. कोठाराच्या भिंतीवर त्याने ‘सरकार, माझ्या वाटेला जाऊ नकोस’ असं हातभर अक्षरांत रंगवलं होतं, आणि रंग उडू नये म्हणून दर उन्हाळ्यात तो शिडीवर चढायचा. आता त्याची पेन्शन सरकारी होती, कारण चौतीस वर्षं त्याने न्यू हॅम्पशर राज्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला होता. बायकोचं, मर्नाचं, डायलिसिसही सरकारी विम्यावर चालायचं. पण ते वेगळं. ते हक्काचं. फुकटे म्हणजे दुसरे कोणीतरी, कधी न पाहिलेले, आणि वॉशिंग्टनमध्ये खात्यांमागून खाती बंद होताना टीव्हीवर पाहिली की तो खुर्चीतूनच ओरडायचा, “झाडा लेको, अजून झाडा! कोपऱ्यात राहिलाय बघा कचरा!”

टेनी मिल्स गावात मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा भरते. मत द्यायला नारिंगी कार्ड वर करायचं आणि बोलायचं असेल तर माइकपाशी रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. याला शुद्ध लोकशाही म्हणतात. जेवण बाराला असतं, त्यामुळे साडेअकरानंतर ती जरा कमी शुद्ध होते.

या लोकशाहीत ऑरिनचं योगदान दोन वाक्यांचं. कुणी लांबण लावली की मागच्या रांगेतून त्याची आरोळी यायची, “चर्चा पुरे, मतदान घ्या!” आणि निकाल लागला रे लागला की दुसरी, “हा विषय आज पुन्हा काढायचा नाही, तेही ठरवून टाका!” हे दुसरं एकदा संमत झालं की त्या विषयाला पुढच्या मार्चपर्यंत कुलूप. तीस वर्षं त्याने गावाला अशी कुलपं लावून दिली होती, आणि गावाला त्याचं कौतुक होतं, कारण त्याच्यामुळे जेवण गरम मिळायचं.

गेल्या वर्षी मात्र त्याने स्वतःचाच ठराव आणला. तळ्याकाठी बॉस्टनच्या लोकांनी सुट्टीची घरं बांधली होती. त्यांच्या अंगणात ‘इथे सर्वांचं स्वागत आहे’ अशी पाटी, आणि फाटकावर ‘खासगी जागा, आत येऊ नये’ अशी दुसरी. हे लोक हिवाळ्यात चार दिवस घसरगुंडी खेळायला येणार, आणि गावाने त्यांच्यासाठी रोज बर्फ उपसायचा? ऑरिनने आदल्या सप्टेंबरातच पंचवीस सह्या जमवल्या. बारमाही राहती घरं तीनपेक्षा कमी असतील, त्या रस्त्यावरचा बर्फ गावाने काढू नये, असा ठराव. पहिली सही शेजारच्या डेन्झिल कोल्बीची.

ऑरिनच्या टेकडीवर घरं बरोब्बर तीन. त्याचं, निवृत्त शिक्षिका इडाबेलचं आणि डेन्झिलचं. तीन म्हणजे तीन. काळजीचं कारण नव्हतं.

ऑक्टोबरात डेन्झिल फ्लोरिडाला गेला, कायमचा. ऑरिननेच त्याला वर्षभर भरीला घातलं होतं. “जा बाबा, तिथं ऊनही फुकट आणि कटकटही नाही. एक तरी माणूस सुटला म्हणेन मी.” डेन्झिलने घर बॉस्टनच्या एका दंतवैद्याला विकलं, सुट्टीपुरतं. ऑरिनने निरोपाचा केक खाल्ला, डोळे पुसले, आणि घरं पुन्हा मोजली नाहीत.

मर्नाने मोजली. “ऑरिन, तुझ्या त्या ठरावाचं जरा—”

“थांब गं, टीव्हीवर महत्त्वाचं चाललंय.”

असं चार वेळा झालं. मर्ना वाद घालणाऱ्यांतली नव्हती. चाळीस वर्षं ती गावसभेला यायची ती स्वयंपाकघरात, बीन्स आणि तपकिरी पाव वाढायला. सभेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

मार्चच्या सभेत ठराव पुकारला गेला तेव्हा पावणेबारा झाले होते. माइकपाशी टोबायस लिंडक्विस्ट उभा राहिला, शेळ्या पाळायला शहरातून आलेला. चांगला माणूस, पण ‘नमस्कार’ म्हणायलाही त्याला प्रस्तावना लागायची.

“मित्रहो, आज वॉशिंग्टनमध्ये जे चाललंय, त्याचंच हे छोटं रूप आहे. आपण आधी स्वतःला विचारायला हवं की समाज म्हणजे—”

व्यायामशाळा कण्हली. टोबायसच्या मागे मर्ना उभी होती, एप्रन काढून, हातात कागद. ऑरिनने तिला पाहिलं. मर्ना बाहेर आली म्हणजे बीन्स तयार, एवढाच अर्थ त्याला लागला.

“चर्चा पुरे, मतदान घ्या!”

कार्डांचं रान उठलं. मर्ना माइककडे सरकली. “ग्लेनिस, मला फक्त—”

“मर्ना, नियम आहे गं,” सभा चालवणारी ग्लेनिस म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं, पण भूकही लागली होती.

ठराव तीन मतांनी पास झाला. लगेच ऑरिनने कुलूपही लावून घेतलं.

जेवणाच्या रांगेत मर्नाने त्याच्या ताटात बीन्स वाढले आणि विचारलं, “टेकडीवर घरं किती?”

“तीन.”

“डेन्झिलच्या घरी बारा महिने कोण राहतं?”

ऑरिनचा चमचा हवेतच राहिला. मग तो ताट तिथेच टाकून ग्लेनिसकडे धावला. “एक बारीकशी चूक झालीय. तेवढा विषय पुन्हा काढू या.”

“काढता येत नाही.”

“कुणी ठरवलं?”

“तूच की रे! दहा मिनिटंही झाली नाहीत.”

डिसेंबरात बर्फ आला. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चाळीस मैलांवर. ऑरिन त्या तिन्ही दिवशी पहाटे उठून जुन्या ट्रॅक्टरने दीड मैल रस्ता मोकळा करायचा. खाली डांबरी रस्त्यावर राज्याचा बर्फगाडीवाला, त्यानेच एकेकाळी शिकवलेला, त्याला हात करून पुढे जायचा. मनुष्य स्वावलंबी झाला होता. बोलल्याप्रमाणे सरकारने त्याची वाट पूर्णपणे सोडली होती.

जानेवारीतल्या वादळात ट्रॅक्टर अर्ध्यातच रुतला आणि मर्नाची एक फेरी चुकली. दोन दिवसांत तिच्या पायांना सूज आली, श्वास पुरेना. बचावपथकाने तिला बर्फावरच्या घसरगाडीवरून खाली नेलं. इस्पितळातून ती परत टेकडीवर आली नाही. कॉन्कॉर्डला भाचीकडे गेली.

“किती दिवस?” त्याने फोनवर विचारलं.

“रस्ता होईपर्यंत.”

“मर्ना, चुकलं माझं.”

“ते कळलंय. तेवढ्याने बर्फ निघत नाही.”

त्याने टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. त्या घरात एकट्याला तो आवाज सहन होत नव्हता. फेब्रुवारीत, आपलाच ठराव रद्द करा म्हणून, सह्यांचा कागद घेऊन तो दारोदार फिरला. पहिली सही टोबायसने केली, वीस मिनिटं बोलून. ऑरिनने वीसच्या वीस मिनिटं ऐकून घेतली.

मार्चमध्ये गावसभेत आयुष्यात प्रथमच तो माइकच्या रांगेत उभा राहिला. पुढे टोबायस होता. त्याने सुरुवात केली, “मित्रहो, वॉशिंग्टनमध्ये—” आणि स्वयंपाकघरातून बीन्सचा वास आला.

“चर्चा पुरे, मतदान घ्या!” मागच्या रांगेतून, ऑरिनच्याच जुन्या खुर्चीवरून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. नारिंगी कार्डं भराभरा वर गेली.

“ग्लेनिस, मला फक्त—”

“ऑरिन, नियम आहे रे.”

त्याच्या हातातला कागद मर्नाचाच होता, गेल्या वर्षीचा, एप्रनच्या खिशात सापडलेला. त्यावर एकच ओळ होती: ‘आमचा रस्ता चालू ठेवा, मला दवाखान्यात जावं लागतं.’ वाचायला तीन मिनिटंही लागली नसती.