स्पीकरमधली बाई

“पाणी मिळेल का हो जरा?” एवढंच मी विचारलं आणि समोरच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. एकीची कात्री खाली पडली. वर कोणी बघेना. मला वाटलं, माझ्या मागे साप निघाला की काय! मी वळून पाहिलंही. मागे फक्त द्राक्षांचे क्रेट होते.

मग एक म्हातारीशी बाई हळूच म्हणाली, “आमी हळू करत नव्हतो, मॅडम. क्रेटच उशिरा आलं.”

मी पाणी मागत होते आणि ती मला खुलासा देत होती.

दिंडोरीजवळच्या एका पॅकहाउसमधली, यंदाच्या हंगामातली ही गोष्ट. पॅकहाउस म्हणजे बागेतून आलेली द्राक्षं साफ करून, वजन करून डब्यांत भरायची शेड. मी व्हॉइस आर्टिस्ट. रेडिओवरून निवृत्त झाले आणि आता नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या स्टुडिओत जाहिराती, ऑडिओ बुक्स, ‘मराठीसाठी एक दाबा’ असलं सगळं रेकॉर्ड करते. ‘एक दाबा’वाल्या बाईवर लोक चिडतात, त्याची मला सवय आहे. मला कोणी घाबरलेलं मात्र आजवर पाहिलं नव्हतं.

पॅकहाउसचा मालक नीरज. तिशीतला, इंजिनिअर, बोलायला गोड. काम द्यायला आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, मी शाळेत असताना रेडिओवर तुमची ती मालिका लागायची. भविष्यातलं शहर, माणसांना नावं नाहीत, नुसते नंबर. सगळ्यांवर नजर ठेवणारी ती बाई तुम्हीच ना?”

“हो. माझ्या पात्राचं नाव ‘यंत्रणा’.”

“अंगावर काटा यायचा! मला तोच आवाज पाहिजे.”

इतक्या वर्षांनी कोणी आठवण काढली की कलाकार माणूस पाघळतो. मीही पाघळले. त्या मालिकेच्या लेखकानं मला एकच सूचना दिली होती: ओरडायचं नाही, मायेनं बोलायचं. ओरडणाऱ्याचा राग येतो. मायेनं बोलणाऱ्यापुढे माणूस स्वतःलाच दोषी समजायला लागतो, आणि मग शेजाऱ्याला. नीरजनं मालिका अगदी मन लावून ऐकली होती. फक्त बाजू कोणाची घ्यायची, ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. रेल्वे स्टेशनवरची बाई प्रत्येक गाडीसाठी उभी राहून बोलत नसते. तिनं आकडे, गावांची नावं, ‘उशिरा धावत आहे’ असे तुकडे एकदाच बोलून ठेवलेले असतात. सॉफ्टवेअर ते जोडतं. नीरजकडेही तसंच होतं. मी आकडे बोलले, ‘मागे पडल्यामुळे’ बोलले, ‘चहाची सुट्टी’ बोलले. एसी स्टुडिओत बसून बोलले आणि घरी गेले.

नंतर त्याचा फोन आला की कूलिंगच्या पंख्यांच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, काही तुकडे पुन्हा करावे लागतील. मी म्हटलं, आधी जागेवर येऊन ऐकते. म्हणून मी त्या दिवशी शेडमध्ये होते.

पाण्याचा ग्लास हातात आला तेवढ्यात वरचा स्पीकर बोलला. “क्रमांक चौदा... मागे पडल्यामुळे... टेबल तीनची चहाची सुट्टी... दहा मिनिटं पुढे गेली आहे. धन्यवाद.”

आवाज माझा होता. हे वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते.

सगळ्यांनी मिळून चौदा नंबरकडे पाहिलं. टोपी, मास्क, ॲप्रन, हातमोजे. प्रत्येकीचे दिसत होते ते फक्त डोळे आणि टोपीवरचा नंबर. तेवढे डोळे पुरेसे होते. मला त्या क्षणी माझ्या आवाजाची किळस आली.

उशिरा का होईना, चहा आला. चौदा नंबर आपला कप घेऊन एकटीच रिकाम्या क्रेटवर जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले.

“नाव काय तुझं?”

“चौदा,” ती म्हणाली. मग चपापली. “सुनंदा.”

टेबलावरच्या बायकांनी सुपरवायझरला सांगितलं होतं, उद्यापासून ही आमच्यात नको. “लय मुश्किलीनं बाहेर पडले मी घरातून,” सुनंदा म्हणाली. “आता परत गेले तर सासरे म्हणतील, बघ, सांगितलं होतं. पुन्हा नाय सोडायचे.” तिचं काम मागे का पडतं, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. ती डावखुरी, आणि वजनकाटा उजवीकडे. प्रत्येक डबा हात आडवा घालून ठेवावा लागायचा.

“मग सांगायचं ना!”

“कुणाला? त्या बाईला?” तिनं स्पीकरकडे बोट केलं. मग एकदम माझ्याकडे वळून पाहिलं. “तुमचा आवाज...”

“मीच ती.”

मघाची म्हातारी कप घेऊन तशीच उठली. तिचं नाव हिराबाई. “काय? हीच ती?” तिच्यामागे अख्खं टेबल गोळा झालं. “तुमाला वरून समदं दिसतं ना, मॅडम?”

“अहो, मला चष्म्याशिवाय हातातला कप दिसत नाही.”

एक जण फिसकन हसली. दुसरी म्हणाली, “मग बोला ना तसं. स्पीकरवानी.”

मी घसा खाकरला. अगदी मायेनं म्हटलं, “क्रमांक एक, हिराबाई... चहात साखर जास्त घेतल्यामुळे... टेबल तीनला... डायबेटिस झाला आहे. धन्यवाद.”

हिराबाईला ठसकाच लागला. मग फर्माइशी सुरू झाल्या. सुपरवायझरवर बोला, माझ्या सासूवर बोला, आमच्या सरपंचावर बोला. मी सगळ्यांवर बोलले. रेडिओवर एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती. हसता हसता हिराबाई थांबली आणि सुनंदाकडे बघून म्हणाली, “तुला रोज वाकडं होऊन काटा गाठताना बघते मी, पोरी. कधी इचारलं नाय.”

मी तशीच वर नीरजच्या केबिनमध्ये गेले. त्याच्या स्क्रीनवर नंबर होते. वजनकाट्यांवरून कळायचं, कोण पुढे, कोण मागे; पुढचे हिरवे, मागे पडलेले लाल.

“चौदा नंबर डावखुरी आहे. तिचा काटा डावीकडे घे.”

“बघा मॅडम, सिस्टिममुळेच प्रॉब्लेम कळला!”

“सिस्टिमला नाही कळला. मला चहा पिताना कळला. आणि उद्या बावीस नंबर लाल झाला की?”

“थोडं प्रेशर लागतंच.”

“एकीसाठी सगळ्यांचा चहा का अडवतोस?”

“त्यानं आम्हाला काही बोलावं लागत नाही. टेबलच टेबलाला सरळ ठेवतं.”

“नीरज, हे वाक्य आमच्या मालिकेत होतं. मीच बोलायचे.”

त्याला ते कौतुक वाटलं. तो हसला. माझा आवाज काढून टाक म्हटलं, तर त्यानं करार दाखवला. रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं होतं. नाशिकला येईपर्यंत मी रिक्षावाल्यापासून टोलनाक्यापर्यंत सगळ्यांवर चिडत आले.

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला. “मॅडम, तुम्ही काय करून ठेवलंत?”

“काय झालं?”

“अनाउन्समेंट झाली की बायका हसतात! काल ती हिराबाई वर बघून म्हणाली, ‘आधी चष्मा लाव!’ अख्खी शेड हसली.”

“आणि काम?”

“काम चालू आहे. पण मागे पडलेलीला कोणी बोलतच नाही. उलट शेजारच्या तिचा क्रेट ओढून घेऊन तिचं काम उरकून देतात. आणि तो काटा डावीकडे सरकवला त्यांनी. मला न विचारता!” शेवटचं वाक्य तो फारच दुखावून बोलला. “तुम्ही जरा कडक आवाजात करून द्याल का सगळं?”

“कडक केलं तर जास्त हसतील.”

तो म्हणाला, “मग मी काय करू?”

एवढ्या दिवसांत त्यानं मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, “चहा वेळेवर दे. आणि काही सांगायचं असलं तर जिना उतरून खाली जा.”

चहा वेळेवर मिळू लागला. स्पीकर आता फक्त कोल्ड स्टोरेजचं दार बंद होतंय एवढंच सांगतो. टोपीवरचे नंबर आहेत अजून, एक्स्पोर्टच्या नियमात ते लागतात म्हणे. त्याखाली बायकांनी चिकटपट्टी लावून आपापली नावं लिहिली आहेत.

त्या दाराच्या सूचनेचं नवीन रेकॉर्डिंग तपासायला गेले तेव्हा नीरज टेबल तीनपाशी उभा होता, हातात घड घेऊन. सुनंदा त्याला सगळ्यांसमोर सांगत होती, “सायेब, देठाला धरा. मण्यावरची पांढरी पावडर पुसायला लागली तुमच्या हातानं. ती ऱ्हायली तरच माल ताजा दिसतो.” आणि त्यानं मुकाट्यानं देठाला धरलं.

मी धडा घेतला तो धंद्यापुरता. आता कोणी सुटे तुकडे रेकॉर्ड करायला दिले की मी आधी विचारते, पूर्ण वाक्य काय होणार, आणि ते ऐकणार कोण? त्यापायी दोन कामं हातची गेली. ती देणाऱ्या दोघांनाही पूर्ण वाक्य सांगायचं नव्हतं.