आपल्याच हाडाचा चुरा

नागनाथ गेल्याची बातमी त्याच्या कंपाउंडरने शाळेत येऊन सांगितली, तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. फळ्यावरचे अर्धे राहिलेले गणित मी आधी पूर्ण केले. का केले, हे महिना उलटून गेला तरी मला सांगता येत नाही...

जनवाड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. पुढे तो हैदराबादेत दंतवैद्यक शिकला आणि बीदरला दवाखाना थाटून, जबड्यात धातूचा खिळा बसवून त्यावर दात उभा करण्याची शस्त्रक्रिया करू लागला. इकडे ती कुणी पाहिली नव्हती. हाड कमी असले की भोक पाडताना निघालेला हाडाचा चुरा तो जमवी आणि खिळ्याभोवती भरी. पहिली रुग्ण त्याची थोरली बहीण, अक्का. चुरा तिच्याच जबड्यातला, म्हणजे स्वच्छच, असे त्याने गृहीत धरले. पण त्या चुऱ्याला लागलेल्या लाळेतले जंतूही आत गेले. गाल सुजला, पू झाला, खिळा काढावा लागला. भर अंगणात अक्का म्हणाली, "बी पेरलंस माझ्या तोंडात अन् उगवला पू. डाक्टर झालास का शेतकरी?" सगळे हसले. तो हसला नाही.

माझा खालचा डावा दात बसवायची वेळ आली, तेव्हा त्याने हे सारे मला आधी सांगितले. या खेपेस चुरा टेट्रासायक्लिन या जंतू मारणाऱ्या औषधाच्या द्रावणात भिजवून, धुऊन मगच भरणार होता. द्रावण किती तीव्र, वेळ किती, असे मी सवयीने विचारले.

"तेच कळंना झालंय, मास्तर. कमी पडलं तर जंतू राहतेत, जास्त झालं तर हाडच मरतंय. तुझ्यावर करून बघायलोय. व्हय म्हण, न्हाईतर ऊठ."

मी उठलो नाही.

दात धरला. पण औषधामुळे की एरवीही धरला असता, हे एका रुग्णावरून ठरत नाही, असे मीच त्याला बजावले... तेवढे वाक्य मी गिळायला हवे होते. अक्काला पुन्हा खुर्चीवर बसवायचे, एवढेच त्याच्या मनात होते. दर सणाला तो जनवाड्याला जाई आणि विषय न काढता परते. आणखी चार जणांचे बघू, मग तिला बोलावू, म्हणे. चार झाले, की आणखी चार. दवाखान्यातच त्याचे हृदय थांबले.

दहाव्या दिवशी मी जनवाड्याला गेलो. अक्काने मला तोंड उघडायला लावले, अंगठ्याने तो दात दाबला, हलवून पाहिला.

"धरलाय की." तिने अंगठा पदराला पुसला. "मग मला कामून बोलावलं न्हाई त्यानं? मी वाट बघतच बसले."

त्याची खात्री होत नव्हती, एवढेच मी म्हणालो. कुणामुळे होत नव्हती, ते सांगितले नाही. तेव्हापासून जेवताना घास आपोआप उजवीकडे जातो.